सहा हरलेल्या अंतिम लढती आणि एकच क्लब: अनिता गॉर्बित्सच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण अभ्यासात व्यक्तीचे नाव झाकण्याची पद्धत आहे. येथे ती अर्धीच पाळली आहे. अनिता गॉर्बित्स ही हंगेरीची हँडबॉलपटू जगभर ओळखली जाते आणि तिची कारकीर्द सार्वजनिक नोंदींत आहे, त्यामुळे तिचे नाव लपवण्यात अर्थ नव्हता. तिच्या घरातील माणसांची नावे मात्र घेतलेली नाहीत. एखाद्या खेळाडूने एकाच क्लबात वीस-बावीस वर्षे काढण्याचा निर्णय कोणत्या परिस्थितीत शहाणपणाचा ठरतो आणि त्याची किंमत कोण मोजते, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

अनिताचा जन्म १३ मे १९८३ रोजी वेसप्रेम या गावी झाला. वेसप्रेम हे हंगेरीतल्या पुरुषांच्या हँडबॉलचे मोठे केंद्र आहे. १९९७ मध्ये, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, ती उत्तरेकडच्या ड्यॉर या औद्योगिक शहरातल्या ईटीओ क्लबात आली आणि दशक संपता संपता त्या क्लबाच्या मुख्य संघात खेळू लागली. २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिने दुसऱ्या कोणत्याही क्लबाचा शर्ट अंगात घातला नाही. तिच्या पाठीवरचा क्रमांक होता १३.

तिची जागा होती सेंटरची. हंगेरियन भाषेत या जागेला ‘इरान्यितो’ म्हणतात. दिशा देणारी, सूत्रे हलवणारी असा त्याचा अर्थ. शाळेच्या मैदानावर हँडबॉल खेळलेल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगितले पाहिजे. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदानावर गोलरक्षक धरून सात जणी खेळतात, गोलासमोरच्या सहा मीटरच्या कक्षेत गोलरक्षकाखेरीज कोणी पाय ठेवायचा नसतो आणि त्या कक्षेबाहेर बचाव करणाऱ्या सहा जणींची भिंत उभी असते. त्या भिंतीत फट कुठे पडणार आहे हे ती पडण्याआधी ओळखून चेंडू तिथे पोहोचवणे हे सेंटरचे काम. अनिताची उंची पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे दुरून उडी मारून भिंतीवरून फटका मारणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या तुलनेत बेताची. तिची ताकद होती पावलांत आणि मनगटात. एका बाजूला झुकून समोरच्या दोघींना आपल्याकडे ओढायचे आणि त्या ओढल्या गेल्या त्याच क्षणी मनगटाच्या हलक्या वळणाने चेंडू लाइनवरच्या, म्हणजे सहा मीटरच्या रेषेलगत बचावाच्या भिंतीत उभ्या असलेल्या, सहकारी खेळाडूच्या हाती द्यायचा, ही तिची हातखंडा चाल होती. प्रतिस्पर्ध्यांना ती पाठ होती आणि तरीही ती यशस्वी होत असे.

त्या काळातले हंगेरियन महिला हँडबॉलही समजून घेतले पाहिजे. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकचे रौप्य आणि त्याच वर्षी युरोपीय विजेतेपद, अशी कामगिरी करणारा तो देश. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा सन्मान २००३ साठी बोयाना रादुलोविचला, २००४ साठी अनिता कुलचारला आणि २००५ साठी अनिता गॉर्बित्सला मिळाला. लागोपाठ तीन वर्षे तीन हंगेरियन. यातल्या अनिता कुलचारचे जानेवारी २००५ मध्ये मोटार अपघातात निधन झाले होते. तिचा सन्मान मरणोत्तर होता. त्या पिढीच्या आठवणींत अभिमान आणि दुःख वेगळे करता येत नाहीत.

अडचण

बावीस वर्षांच्या अनिताला जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून मान मिळाला, पण तिच्या हातात क्लबाचा एकही युरोपीय करंडक नव्हता. याला योगायोग म्हणता येणार नाही. ड्यॉरने २००२ मध्ये ईएचएफ कप या युरोपीय क्लब स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि डेन्मार्कच्या इकास्टकडून हार पत्करली. २००४ मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत डेन्मार्कच्याच व्हिबोर्गने हरवले. २००५ मध्ये तर हंगेरीतलाच सेकेशफेहेरवारचा क्लब अंतिम फेरीत वरचढ ठरला. २००६ मध्ये कप विनर्स कप या दुसऱ्या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत माँटेनेग्रोच्या बुदुच्नोस्तने मात केली.

राष्ट्रीय संघातही तीच कथा होती. डिसेंबर २००३ मध्ये झाग्रेब येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा अनिता वीस वर्षांची होती. दुसऱ्या सत्रात एका टप्प्यावर हंगेरीकडे फ्रान्सविरुद्ध सात गोलांची आघाडी होती. ती हळूहळू वितळत गेली. निर्धारित वेळ संपल्यानंतर घेतलेल्या सात मीटर थ्रोवर फ्रान्सने बरोबरी साधली. या थ्रोत फेकणारीने पुढचा पाय जमिनीवर रोवून, शिट्टीनंतर तीन सेकंदांत चेंडू सोडायचा असतो आणि समोर फक्त गोलरक्षक असते. बाकी सगळ्या खेळाडू त्या वेळी निव्वळ प्रेक्षक असतात. जादा वेळेत फ्रान्सने सामना ३२–२९ असा जिंकला. हंगेरीत त्या सामन्याविषयी आजही हळहळ व्यक्त होते.

तेव्हा प्रश्न स्पष्ट होता. खेळाडू शिखरावर पोहोचली आहे, क्लब मात्र पोहोचलेला नाही. अशा वेळी खेळाडूने काय करावे?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता डेन्मार्कला जाण्याचा. त्या दशकात महिला हँडबॉलमधला पैसा, प्रेक्षक आणि करंडक डेन्मार्ककडे होते. चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत वरची स्पर्धा. ती स्लागेल्सेने २००४, २००५ आणि २००७ मध्ये जिंकली, व्हिबोर्गने २००६, २००९ आणि २०१० मध्ये. म्हणजे सात हंगामांतली सहा विजेतेपदे एकाच छोट्या देशातल्या दोन क्लबांकडे गेली. जगातल्या सर्वोत्तम सेंटरला तिथे दार उघडे असणार हे सांगायला कोणा जाणकाराची गरज नव्हती. करंडक लवकर हवा असेल तर हाच मार्ग सरळ होता.

या मार्गाचा तोटा पटकन दिसत नाही. सेंटरचा खेळ भाषेवर आणि सवयीवर चालतो. मैदानावर चाल ठरवून ती ओरडून सांगणारी तीच असते. लाइनवरची खेळाडू डाव्या खांद्याने वळते की उजव्या, विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारी, पास धावताना घेते की थांबून, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडते. दुरून फटका मारणारी खेळाडू क्लब बदलते तेव्हा आपला हात सोबत घेऊन जाते; सेंटरला मात्र आपल्या खेळाचा अर्धा भाग मागे ठेवावा लागतो. माझ्या मते हा मुद्दा अशा चर्चांत फार कमी वेळा मांडला जातो.

दुसरा पर्याय देशातच दुसऱ्या क्लबाकडे जाण्याचा. त्यातली जोखीम हंगेरीतल्याच दुनाऊयवारोश शहराच्या उदाहरणात दिसते. पोलाद कारखान्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या तिथल्या क्लबाने १९९९ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, रादुलोविच आणि कुलचार यांच्यासारख्या खेळाडू सांभाळल्या, पण २००४ नंतर राष्ट्रीय विजेतेपदही त्याच्याकडे परतले नाही. एका कारखान्याच्या जोरावर उभा राहिलेला संघ किती टिकेल हे त्या कारखान्याच्या भवितव्यावर ठरते.

तिसरा पर्याय ड्यॉरलाच राहून संघ आपल्याभोवती उभा राहण्याची वाट पाहण्याचा. यातही कारखाना होताच. आउडीने १९९३ मध्ये ड्यॉर येथे आपली कंपनी स्थापन केली होती आणि पुढे तिथे इंजिने व मोटारी तयार होऊ लागल्या. क्लबाच्या नावात आउडी हा शब्द आला तो त्यामुळेच. दुनाऊयवारोश आणि ड्यॉर यांतला फरक निष्ठेत शोधण्यापेक्षा पोलाद आणि मोटार या दोन उद्योगांच्या नशिबांत शोधला तर जास्त सापडतो. हे लिहिताना अनिताच्या निष्ठेचे मोल कमी करायचे नाही. पण निष्ठा टिकायला पगार वेळेवर व्हावा लागतो, ही गोष्ट अशा गौरवकथांतून वगळली की पुढच्या मुलींना चुकीचा सल्ला मिळतो.

काय घडले: २००५ ते २०१३

अनिता राहिली. ड्यॉरने २००५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि तिच्या कारकिर्दीत ते एकूण १३ वेळा मिळवले. देशांतर्गत प्रश्न सुटला, युरोपचा सुटला नाही. २००९ मध्ये क्लब प्रथमच चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि पुन्हा व्हिबोर्गकडून हरला. २०१२ मध्ये बुदुच्नोस्तविरुद्ध अंतिम फेरीतल्या दोन लढतींची गोलसंख्या ५४–५४ अशी बरोबरीत राहिली. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या नियमाने करंडक बुदुच्नोस्तच्या पॉडगोरिका शहराला गेला. हा सहावा हरलेला अंतिम सामना. त्याच काळात राष्ट्रीय संघ बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत रशियाकडून २०–२२ असा आणि कांस्यपदकाच्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून २८–३३ असा हरून चौथा आला होता.

या सहा पराभवांदरम्यान क्लबाने जे केले ते महत्त्वाचे आहे. २००९ पासून ड्यॉरने परदेशी खेळाडू नेमक्या जागा पाहून आणल्या. ब्राझीलची एदुआर्दा आमोरिम आली ती डावीकडून दूरचा फटका मारण्यासाठी आणि बचावाच्या मध्यभागी उभी राहण्यासाठी. नॉर्वेची गोलरक्षक कात्रिने लुंदे आली. पाठोपाठ नॉर्वेचीच हेइदी लोके लाइनवर आली. या तिघींची निवड पाहिली तर अनिताच्या खेळातल्या उणिवा एकेक करून भरल्या गेल्या हे ध्यानात येते. दुरून मारण्याचा भार तिच्यावरून उतरला, बचावात तिला कमी झिजावे लागले आणि तिचा तो मनगटातून सुटणारा पास झेलायला जगातली उत्तम लाइन खेळाडू समोर उभी राहिली. क्लबाने तारका गोळा केल्या असे वरवर दिसते. माझ्या वाचनाप्रमाणे त्याने एका सेंटरच्या भोवती संघ बेतला.

मे २०१३ मध्ये स्पेनचे प्रशिक्षक आम्ब्रोस मार्तिन यांच्या हाताखाली ड्यॉरने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत नॉर्वेच्या लार्विकविरुद्धच्या दोन लढती मिळून ४७–४५ असा विजय मिळवला. ड्यॉरचे जुने सभागृह मोठ्या सामन्यांना अपुरे पडत असल्याने क्लब असे सामने वेसप्रेमला नेत असे आणि हा निर्णायक सामनाही तिथेच झाला. ज्या गावात ती जन्मली त्याच गावात, तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, तिने पहिला युरोपीय करंडक उचलला. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये प्रथमच चार संघांच्या एकत्रित अंतिम फेरीच्या रूपात स्पर्धा झाली, तिथे ड्यॉरने बुदुच्नोस्तला २७–२१ असे हरवले. ज्या संघाने दोनदा करंडक हिसकावला होता, तोच समोर होता.

दुसरा निर्णय: मातृत्वानंतर वेगळी जागा

२०१५ मध्ये अनिता आई झाली. तेव्हा ती ३२ वर्षांची होती, दोन चॅम्पियन्स लीग तिच्या नावावर होत्या आणि त्या टप्प्यावर थांबली असती तर कोणी नावे ठेवली नसती. ती परतली. क्लबात हे उदाहरण नवे नव्हते. हेइदी लोके आई झाल्यानंतरच ड्यॉरला आली होती. पण लोके आपल्याच जागी खेळली. अनिताची जागा बदलली होती. क्लबाने त्याच वर्षी नेदरलँड्सची निके ग्रोट ही अव्वल सेंटर आणली होती आणि २०१७ मध्ये नॉर्वेची स्टीने ओफ्तेदालही आली.

या प्रकरणातला मला सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय तो हाच. अनिता हळूहळू डाव्या विंगवर गेली. मैदानाच्या मध्यातून कोपऱ्यात जाणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले पाहिजे. सेंटर जवळपास प्रत्येक आक्रमणात चेंडू हाताळते. विंगरच्या हाती तो कधी कधी पाच-सहा मिनिटे येत नाही. आणि येतो तेव्हा कोन इतका अरुंद असतो की गोलरक्षक पुढे सरकली की जाळी जवळजवळ दिसेनाशी होते. विंगर सहा मीटरच्या रेषेबाहेरून आतल्या दिशेने उडी घेते, हवेत असतानाच गोलरक्षकाच्या हालचालीची वाट पाहते आणि पाय जमिनीला लागण्याआधी चेंडू सोडते. अनिता अनेकदा पिळदार फटका वापरत असे. चेंडू गोलरक्षकापासून दूर जमिनीवर टप्पा घेतो आणि फिरकी गोलंदाजाच्या चेंडूसारखा वळून जाळ्यात शिरतो. त्यात ताकद फारशी नसते, सगळे काम बोटांचे असते. सेंटर म्हणून तिने वीस वर्षे वापरलेले मनगट तिला या नव्या जागीही उपयोगी पडले.

जागा बदलण्याने तिचा खेळ लांबला आणि संघात दोन पिढ्यांचे सेंटर एकाच वेळी उभे राहिले. कठीण वेळी ती मध्यभागीही येऊ शकत असे. २०१६ मध्ये बुडापेस्टमधल्या अंतिम सामन्यात ड्यॉर बुखारेस्टकडून पेनल्टी थ्रोवर हरले. त्यानंतरची तीन वर्षे: २०१७ मध्ये मॅसेडोनियाच्या वार्दारविरुद्ध ३१–३०, २०१८ मध्ये पुन्हा वार्दारविरुद्ध २७–२६, २०१९ मध्ये रशियाच्या रोस्तोवविरुद्ध २५–२४. पहिले दोन विजय जादा वेळेत. तिन्ही अंतिम सामने एकेका गोलाने जिंकलेले. ज्या क्लबाने पहिल्या करंडकाआधी सहा अंतिम सामने गमावले होते, त्याच क्लबाने हे तीन सामने काढले.

निष्पत्ती

पाच चॅम्पियन्स लीग, १३ राष्ट्रीय विजेतेपदे, राष्ट्रीय संघासाठी दोनशेहून अधिक सामने आणि एक हजाराहून अधिक गोल, चॅम्पियन्स लीगमध्येही एक हजाराहून अधिक गोल. राष्ट्रीय संघासोबत जागतिक स्पर्धेचे रौप्य २००३ मध्ये आणि कांस्य २००५ मध्ये, युरोपीय स्पर्धेची कांस्ये २००४ आणि २०१२ मध्ये. ऑलिंपिक पदक नाही. २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकसाठी हंगेरीचा महिला संघ पात्रच ठरला नाही.

वेगळे काय करता आले असते

क्लबापासून सुरुवात करतो. २००५ ते २००९ ही चार वर्षे अनिता चढत्या वयात होती आणि संघ तिच्या तोडीचा नव्हता. परदेशी खेळाडूंची नेमकी भरती तीन-चार वर्षे आधी झाली असती तर पहिला करंडक तिच्या तिसाव्या वर्षाची वाट पाहत थांबला नसता, असे मला वाटते. मात्र यात पैशाचा प्रश्न होता. हंगेरीत कंपन्यांना आपल्या कराचा काही भाग हँडबॉलसह ठरावीक सांघिक खेळांकडे वळवण्याची सोय २०११ मध्ये झाली. साडेपाच हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील असे नवे सभागृह ड्यॉरला मिळाले ते २०१४ मध्ये. म्हणून क्लबाने उशीर केला असा आरोप करताना हात आखडतो.

राष्ट्रीय संघाबाबत मात्र हात आखडत नाही. रादुलोविचची पिढी गेल्यानंतर सगळी सूत्रे एका खेळाडूकडे आली आणि तिच्या पाठीमागे दुसरी सेंटर वेळेवर घडवली गेली नाही. क्लबाने २०१५ मध्ये ग्रोटला आणून जे केले, ते देशाला विकत घेऊन करता येत नाही. त्यासाठी १४-१५ वर्षांच्या मुलींकडे दहा वर्षे आधी पाहावे लागते. दोन ऑलिंपिक हुकण्याचे खापर एका गोष्टीवर फोडता येणार नाही, पण हे कारण त्यांत आहे असे माझे ठाम मत आहे.

आणि खुद्द अनिताने? विंगवर जाण्याचा प्रयोग मातृत्वाची सक्ती येण्यापूर्वी, म्हणजे २०१२–१३ च्या सुमारास, काही सामन्यांपुरता केला असता तर राष्ट्रीय संघात तरुण सेंटरला तिच्या शेजारी उभे राहून शिकता आले असते. पण तेव्हा ती मध्यभागी सर्वोत्तम होती आणि चांगले चाललेले बदलायला कोणता प्रशिक्षक धजेल, हा प्रश्न उरतोच. डेन्मार्कला न जाण्याविषयी मी दोन्ही बाजूंनी विचार केला. तिथे दोन-तीन हंगाम खेळून परतली असती तर करंडक आधी मिळाले असते, पण तिच्याभोवती ड्यॉर बेतले गेले नसते आणि त्या बेतण्यातूनच २०१७ ते २०१९ चा संघ उभा राहिला. एकोणीस-वीस वर्षांची एखादी सेंटर हाच प्रश्न घेऊन आली, तर तिचा क्लब तिच्या उणिवा भरून काढणाऱ्या खेळाडू शोधतो आहे की नुसतेच तिचे पोस्टर लावतो आहे, हे मी तिला आधी विचारीन.

शेवटचा निर्णयबिंदू निवृत्तीचा. मे २०२१ मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्टने उपांत्य सामन्यात ड्यॉरला पेनल्टी थ्रोवर हरवले आणि चॅम्पियन्स लीगमधली ५५ सामन्यांची अपराजित मालिका तिथे तुटली. दुसऱ्या दिवशीचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना हा तिचा चॅम्पियन्स लीगमधला अखेरचा. त्याच उन्हाळ्यात ती क्लबाची अध्यक्ष झाली. कालपर्यंत जिच्यासोबत कपडे बदलले तिच्या करारावर आज सही करायची, हे अवघड आहे, आणि मधे एखादे वर्ष दुसऱ्या कामात घालवले असते तर ते सोपे गेले असते असे मला वाटते. तिने ते घालवले नाही. २०२२ मध्ये अंतिम सामन्यात ड्यॉर नॉर्वेच्या व्हायपर्सकडून हरले, तेव्हा ती पहिल्यांदाच असा पराभव कडेला बसून पाहत होती. २०२४ मध्ये जर्मनीच्या बीटिगहाइमला ३०–२४ असे हरवून करंडक पुन्हा ड्यॉरला आला.